दवाखान्याच्या पिशवीत काय भरायचं?

(आपल्या वार्षिक शिबिरात आरोग्याच्या सत्रात एका सभासद मैत्रिणीने केलेलं हे भाषण. तिच्या मुलाची संमती घेऊन, नाव न देता, थोडं संक्षिप्त करून छापत आहोत. – संपादक)



मला भाषणाची सवय नाही. माझं बोलणं मशीनवर बसून, समोर गिऱ्हाईक उभं असताना. साताऱ्यात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. ब्लाउज, परकर, पंजाबी ड्रेस, गाऊन. तीस वर्षं हेच काम. ताईंनी जेव्हा आरोग्याच्या सत्रात बोल म्हणून सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, आरोग्याचं डॉक्टर बोलतील, मी कपड्यांचं बोलेन. त्या हसल्या. म्हणाल्या, कपड्यांचंच बोल.

तर मी ज्या कपड्यांबद्दल बोलणार आहे, ते ऑपरेशननंतर घालायचे कपडे. आणि ऑपरेशन माझ्या मुलाचं. 2023 च्या मे महिन्यात पुण्यात झालं. हा मुलगा 1996 साली जन्मला, तेव्हा सुईणीपासून सगळ्यांनी सांगितलं, मुलगी झाली. मीही तेच मानलं. त्याला परकर-पोलकी शिवली, फ्रिलचे फ्रॉक शिवले. चौथी-पाचवीपासून तो ते अंगाला लावून घेईना. मला वाटायचं, हट्टी आहे. वयात आल्यावर तो छातीला क्रेप बँडेज आवळून बांधायचा. एकदा आंघोळीनंतर त्याच्या फासळ्यांवरचे वळ मी पाहिले आणि ओरडले. का बांधतोस, हे मात्र विचारलं नाही.

2018 साली बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे यांच्या शस्त्रक्रियेची बातमी सगळ्या मराठी पेपरांत आली होती. मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात ती झाली. आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचली असेल. त्या दिवशी मी दुकान उघडलं तर माझ्या मशीनवर तो पेपर, नेमकं तेच पान वर करून ठेवलेला. माझ्या मुलाने मला असं सांगितलं. त्यानंतर पाच वर्षं गेली. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणं झालं, हार्मोन्स सुरू झाले, त्याला नोकरी लागली, त्याने पैसे साठवले. ते सगळं आज सांगत नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीचं सांगते.

त्याचं ऑपरेशन छातीचं होतं. स्तन काढून छाती पुरुषासारखी सपाट करायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सैल, समोरून उघडणारे, सुती कपडे आणा. मी टेलर. मला वाटलं, हे तर आपलं राज्य. मी दोन नवे गाऊन शिवले. मऊ केंब्रिकचे, समोर कमरेपर्यंत बटणपट्टी, आत दोन खिसे. अगदी मन लावून शिवले. इस्त्री करून पिशवीत तळाला ठेवले.

गाऊनच का, ते सांगते. ह्याच मुलाच्या वेळी माझं सिझेरियन झालं होतं. आमच्याकडे सुनेने गाऊन घालायचा नाही. दवाखान्यातून घरी आले ती साडी नेसून. परकराची नाडी बरोबर टाक्यांवर यायची. खाली बांधली तरी काचे, वर बांधली तर साडी सुटे. बाळाला पाजायला घेतलं की पोटावर ओझं आणि खाली नाडी. मी सासूबाईंना म्हटलं, आठ दिवस तरी गाऊन घालू द्या. त्या म्हणाल्या, आमची बाळंतपणं काय गाऊनमध्ये झाली? इथं बसलेल्या किती जणींना ते टाके आणि ती नाडी आठवत असेल! तेव्हापासून माझ्या लेखी गाऊन म्हणजे सुटका. जे मला मिळालं नाही ते मी लेकराला देत होते.

रात्री त्याने पिशवी तपासायला घेतली. गाऊन हातात धरून तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, “आई, तिथंसुद्धा गाऊन?” मी म्हटलं, “अरे, दवाखान्यात कोण बघतंय? सोयीचं ते घालावं.” तो म्हणाला, “मी सत्तावीस वर्षं सोयीचं ते घातलंय. तुमच्या सोयीचं.” आणि पिशवी तशीच टाकून तो गच्चीवर निघून गेला.

मला आधी राग आला. एवढं शिवलं, त्याचं काही नाही. मग मी मशीनपाशी बसले आणि सासूबाईंचं वाक्य मला माझ्याच तोंडून ऐकू आलं. त्यांनी मला जे घालायला लावलं ते त्यांच्या सोयीचं होतं. अंग माझं, टाके माझे, आणि नियम त्यांचा. इतकी वर्षं आपल्या बैठकांमध्ये ‘माझं शरीर, माझा हक्क’ म्हणून मी घोषणा दिल्या, आणि घरात लेकराच्या अंगावर काय असावं, ते त्याला न विचारता कापलं.

गच्चीवर जाऊन मी त्याला विचारलं, “तुला काय पाहिजे?” तो म्हणाला, “शर्ट. साधा शर्ट.” रात्रीचे साडेदहा झाले होते. सकाळी सहाला निघायचं होतं. मी निळ्या रेघांचं सुती कापड काढलं आणि कापायला घेतलं.

आता थोडं धंद्यातलं बोलते, कारण तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली, मुलासाठी, भाच्यासाठी, शेजारणीच्या लेकरासाठी, तर उपयोगी पडेल.

ह्या ऑपरेशननंतर हात खांद्याच्या वर न्यायचे नसतात, काही आठवडे. त्यामुळे डोक्यातून घालायचं काहीही चालत नाही. टी-शर्ट नाही, बनियन नाही. शर्ट पुढून पूर्ण उघडणारा हवा. मुंढा नेहमीपेक्षा खोल आणि बाही रुंद, म्हणजे हात मागे न ओढता बाही अंगावर सरकवता येते. टिचबटणं लावू नका. ती बंद करायला छातीवर दाब द्यावा लागतो, आणि दाब नेमका जखमेवर येतो. वेल्क्रो टोचतो, शिवाय कापसाचे धागे ओढतो. मोठी चपटी बटणं आणि सैल काजं सगळ्यांत बरी. शिवण आतून टोचू नये म्हणून मी सगळीकडे गोट मारून शिवण बंद केली, आपण झबल्याला करतो तशी.

दोन्ही कुशींतून रबरी नळ्या बाहेर काढलेल्या असतात. आत साठणारं रक्त-पाणी त्यांतून टोकाच्या बाटल्यांत जमतं. त्या बाटल्या जखमेच्या खालच्या पातळीवर राहायला हव्यात, आणि लोंबकळायला नकोत, नाहीतर नळीला हिसका बसतो. म्हणून शर्टाच्या आतून, कमरेच्या जवळ, दोन बाजूंना दोन खिसे. हे मला कुणा डॉक्टरने शिकवलेलं नाही. आमच्या आळीतल्या एका काकूंचं कॅन्सरमुळे स्तन काढायचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा त्यांच्यासाठी मी असाच आतल्या खिशांचा सैल ब्लाउज शिवला होता. काकूंना ती छाती जाताना रडू फुटलं होतं. माझ्या मुलाला ती जायची म्हणून झोप येत नव्हती. नळी, बाटली, खिसा, दोघांना सारखंच. काकूंचं शिकवणं माझ्या मुलाच्या कामी आलं. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “खिसा थोडा मोठा ठेव गं. माझा लहान झाला होता.”

वरून छातीला घट्ट पट्टा किंवा जाकीट घालायचं असतं, किती आठवडे ते डॉक्टर सांगतात. मे महिन्यात ते म्हणजे भट्टी. जाकिटं दोन हवीत, एक अंगावर, एक दोरीवर. शर्ट त्या जाकिटावरून बसेल असा चार बोटं सैल कापायचा. नेहमीचं माप धरलं तर बटणं लागणार नाहीत.

पहिला शर्ट रात्री दीडला झाला. मी त्याला दाखवला. त्याने बोट ठेवून म्हटलं, “आई, बटणं उलटी.” खरंच की! तीस वर्षं बायकांचे कपडे शिवून हाताला वळणच तसं पडलेलं. बायकांच्या कपड्याची काजं उजवीकडे, पुरुषांच्या शर्टाची डावीकडे. मी म्हणणार होते, राहू दे आता, कोण बघतंय? पण तोंडातून ते निघालं नाही. मी पट्टी उसवली आणि पुन्हा लावली. आणखी एक सांगते. त्या शर्टाला मी एकही टक घातला नाही. पाठीला नाही, छातीला नाही. सरळ पाट. कापताना कात्री सवयीने थांबत होती.

पहाटे पिशवी पुन्हा भरायला घेतली, तर वर दोन लेंगे. ह्यांचे. धुऊन धुऊन मऊ झालेले. दोन वर्षं हे मुलाशी कामापुरतं बोलत होते. रात्री माझं मशीन ऐकत जागे असावेत. बोलले काही नाहीत, लेंगे ठेवून गेले. मी गाडीत बसून त्यांच्या नाड्या काढून रुंद इलॅस्टिक ओवलं, कारण नाडी ओढून बांधायला छातीचे स्नायू ताणतात. इलॅस्टिक नुसतं वर सरकवता येतं.

ऑपरेशन थिएटरच्या गाऊनबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. तो सगळ्यांना सारखा, मागून बंदाचा. प्रश्न त्याच्या आधी आणि नंतरचा. भरती करताना खिडकीवरच्या माणसाने आधार कार्ड बघितलं, मुलाकडे बघितलं आणि मोठ्याने विचारलं, “पेशंट कुठाय?” मागची रांग बघायला लागली. मुलगा म्हणाला, “मीच.” तो माणूस अजून बघतच होता. मग मी पुढे झाले. 2014 साली 15 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता, की आपली ओळख काय ते सांगण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे आणि त्यासाठी ऑपरेशनची अट घालता येणार नाही. 2019 साली संसदेने कायदाही केला. हे सगळं मी त्या खिडकीवर काही म्हणू शकले नाही. मी एवढंच म्हटलं, “हा माझा मुलगा. फाईलवर तसं लिहा.” लिहिलं नाहीच. त्याच्या मनगटाच्या पट्टीवर जुनंच नाव आलं. तेव्हा मला कळलं की हा शर्ट किती महत्त्वाचा आहे. फाईल दुसऱ्यांच्या हातात, नाव दुसऱ्यांच्या हातात, औषधाच्या गुंगीत स्वतःचं अंगही दुसऱ्यांच्या हातात. अंगावरचं कापड तेवढं त्याने निवडलेलं.

दुसऱ्या दिवशी चादर बदलायला एक मामा आले. त्यांनी फाईल वाचलेली नव्हती. निळ्या रेघांचा शर्ट आणि लेंगा बघून ते सहज म्हणाले, “दादा, पाय जरा उचला.” मुलगा माझ्याकडे बघून हसला. हसल्याने टाके दुखले म्हणून पुन्हा कळवळला.

परतीच्या प्रवासाचं एक सांगून ठेवते. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीचा घाट लागला. गाडीचा पट्टा छातीवरून जातो. मधे एक छोटी उशी ठेवायची. पायात चढवायला सोप्या चपला हव्यात, वाकून बंद लावायला जमत नाही. आणि उताणंच झोपायचं असल्याने घरी पाठीला दोन-तीन उशा.

आता दुसरी गोष्ट. आमच्या दुकानाची वार्ता पसरली. दोन-चार महिन्यांनी एक मुलगी आली. म्हणाली, “मावशी, तुम्ही ऑपरेशनचे कपडे शिवता ना?” जन्माच्या वेळी तिला मुलगा म्हटलं गेलं होतं. तिचं ऑपरेशन खालचं, योनी घडवण्याचं. ह्या वेळी मी शहाणी झाले होते. टेप हातात घ्यायच्या आधी विचारलं, “तुला काय घालायला आवडेल?” ती लाजली आणि म्हणाली, “गाऊन. फुलाफुलांचा. मी घरात कधी उघडपणे घातला नाही.”

माझ्या कपाटात दोन गाऊन पडूनच होते. मी ते काढले. तिचे खांदे रुंद, म्हणून खांदे उसवून पाठीत पट्टी जोडली. जे कापड माझ्या मुलाला नकोसं झालं, ते ह्या पोरीने छातीशी धरलं.

तिची पिशवी अगदी वेगळी. तिला हात वर करायला अडचण नाही, सगळी काळजी कमरेखाली. पहिले पाच-सात दिवस आत बोळा भरलेला असतो, लघवीची नळी असते. नळीची पिशवी दिसू नये आणि ओढली जाऊ नये इतका गाऊनला घेर हवा. सूज असते, म्हणून चुडीदार, लेगिंग, जीन्स यांचं नावही काढायचं नाही. परकर घालायचाच तर नाडी सैल आणि गाठ बाजूला. चड्ड्या सुती, नेहमीपेक्षा एक माप मोठ्या, गडद रंगाच्या, कारण डाग पडतात आणि धुऊन निघत नाहीत. नंतर घरी कित्येक महिने, सुरुवातीला दिवसातून अनेक वेळा, आत डायलेटर घालून जागा राखायची असते. प्रत्येक वेळी सगळं सोडायचं आणि पुन्हा बांधायचं, असे कपडे असतील तर माणूस कंटाळतो आणि टाळतो. टाळलं की नुकसान. म्हणून गाऊनच बरा.

आणि पॅड. कित्येक दिवस रक्त, स्राव जातो. तिने जन्मात पॅड विकत घेतलं नव्हतं. दुकानात जाऊन काय मागायचं, मोठं का लहान, पंखवालं का साधं, तिला काही माहीत नाही, आणि विचारायची लाज. आपल्याच संघटनेतल्या दोघी तिला घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हा तिघी हसत होत्या. पॅड काळ्या पिशवीत देऊ नका, असं दुकानदाराला ठणकावून आल्या होत्या म्हणे.

दवाखान्यातून घरी येताना तिला साडी नेसायची होती. मी म्हटलं, बाई, परकराची गाठ त्या सुजेवर नको, माझं ऐक. मग मलाच हसू आलं, कारण मी पुन्हा नियम सांगत होते. मी तिला माझ्या टाक्यांची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, आता तूच ठरव. तिने साडी पिशवीत सगळ्यांत वर ठेवली. घरी जाताना ती नेसली नाही. गाऊनवरून शालीसारखी पांघरली आणि रिक्षात बसली.

आता कुणाला वाटेल, प्रत्येकाला ऑपरेशन करावंच लागतं. तसं नाही. पुष्कळांना ते नको असतं, कुणाला परवडत नाही, कुणाची तब्येत साथ देत नाही. म्हणून त्यांचं पुरुषपण किंवा बाईपण कमी ठरत नाही. माझा मुलगा कपडे शिवायच्या आधीही मुलगाच होता. मला कळायला उशीर झाला.

आपल्यातल्या काहीजणी मागच्या सत्रात म्हणाल्या की हा आपल्या संघटनेचा प्रश्न आहे का. मी वादात हुशार नाही. मला एवढं दिसतं, की सिझेरियनचे टाके, पिशवी काढल्यावरचं पोट, कॅन्सरनंतरची छाती, ह्या सगळ्यांची माहिती ह्या खोलीत आहे. कुठे काचतं, कुठे ओलं होतं, उठताना कशाला धरायचं, हे आपल्याला पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. ह्या मुलांना तेच लागतं, आणि त्यांच्यातल्या अनेकांना सांगायला घरात कुणी उरलेलं नसतं. दवाखान्यात त्यांच्यासोबत मित्र येतात, तेही विशीतले, आणि पिशवीत एक जीन्स आणि मोबाईलचा चार्जर.

म्हणून माझी एक मागणी आहे. आपल्या कार्यालयात एक कपाट रिकामं आहे. तिथे आपण तयार कपडे ठेवू. आतल्या खिशांचे पुढून उघडे शर्ट, तीन मापांत. घेरदार गाऊन, इलॅस्टिकचे लेंगे, एक-दोन शाली, कारण खोलीत एसी असतो आणि रक्त गेलं की थंडी वाजते. छोट्या उश्या. ज्याला लागेल त्याने न्यावं, धुऊन परत आणावं. कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायकांनाही ते शर्ट चालतील. मी कापून देते. शिवायला चौघी जणी हव्यात. जुन्या सुती साड्या, धोतरं, लेंगे असतील तर आणा, पण उकळत्या पाण्यातून काढून, उन्हात वाळवून, इस्त्री करून आणा. जखमेजवळ जाणारं कापड आहे.

आणि शर्टांच्या बाबतीत एक सांभाळा. काजं डावीकडे.